काशाच्या वाटीतलं तोंड

आकाशात विंचू नाही, हे मी दरवर्षी शिकवते. भोकरदनच्या शाळेत विज्ञान माझ्याकडं आहे. ताऱ्यांचा धडा आला की मी पुस्तक मिटते आणि कपाटामागचं खोकं बाहेर काढते. फ्रिजचं पुठ्ठ्याचं मोठं खोकं आहे ते. आत दोऱ्यांना मणी बांधून लोंबकळत सोडलेत, काही पुढंच, काही पार मागच्या भिंतीला. समोर एक भोक पाडलंय, एका डोळ्यापुरतं. त्यातून पाहिलं की वाकड्या शेपटीचा विंचू बराबर दिसतो. पोरं खूश होतात. मग मी म्हणते, आता बाजूच्या भोकातून बघा. बाजूनं पाहिलं की विंचू गायब, नुसते मणी कुठंही कसेही टांगलेले.

"बाई, विंचू कुठं गेला?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

गेला नाही बाळांनो, तो नव्हताच. तुम्ही जिथून बघत होता तिथून तो तसा दिसत होता, एवढंच. त्याच्या शेपटीतले दोन तारे एकमेकांना खेटून बसल्यासारखे दिसतात, पण त्यातला एक जेवढा लांब, त्याच्या कितीतरी पट लांब दुसरा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. केदारखेड्याला जाताना वळणावरून देवळाच्या कळसाला विजेचा खांब चिकटल्यासारखा दिसतो. एसटी जरा पुढं सरकली की खांब खांबाच्या जागी आणि कळस कळसाच्या जागी. आपण पृथ्वीवरून बघतो म्हणून विंचू. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळ जाऊन बघितलं तर हेच तारे असे काही पांगलेले दिसतील की त्यांना एक नाव द्यावं असं कुणाच्या मनातही येणार नाही.

केदारखेडा माझं सासर. नवरा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन करतो. लग्न नवीन असताना तो एकदा शाळेत मला घ्यायला आल्ता. खोकं टेबलावरच होतं. त्यानं नेमका बाजूच्या भोकाला डोळा लावला आणि म्हणाला, "हे काय, हितं तर काहीच न्हाई!" मग मी त्याला समोरून बघायला लावलं. बराच वेळ तो या भोकातून त्या भोकात बघत राहिला आणि हसून म्हणाला, "म्हणजे राशी-नक्षत्रं सगळी बिनकामाची म्हण की." मला इतका आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, अडाणी असेल माणूस. तो अडाणी नाही. त्याला सगळं कळत होतं.

दिवाळी झाली होती, भाऊबीजेची ओवाळणी नुकतीच आटोपलेली. अंबडला माहेरी मला कळा सुरू झाल्या. दिवसभर वाट बघून शेवटी डॉक्टरीणबाईंनी सिझर केलं. मुलगी झाली. नर्सनं तिचा गाल माझ्या गालाला लावला, ओला आणि ऊन ऊन. मी विचारलं, ते आले का? ती म्हणाली, येतायत, फोन आल्ता.

आला होता तो. वाटेत जालन्याला थांबून जिलेबी घेतली होती. दवाखान्याच्या जिन्यापर्यंत पोचला आणि सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी जन्माची वेळ गुरुजींना कळवली होती. गुरुजींनी पंचांग बघून सांगितलं, मूळ नक्षत्र, पहिला चरण. मूळ म्हणजे त्याच विंचवाची नांगी. पहिला चरण बापाच्या जिवावर असतो म्हणे. चंद्र फिरून सत्तावीस दिवसांनी पुन्हा मूळ नक्षत्रात येईल त्या दिवशी शांती करायची, आणि तोवर बापानं लेकराचं तोंड बघायचं नाही. माझ्या भावानं नंतर सांगितलं, तो जिन्यात कठडा धरून ऐकत होता, आणि मग जिलेबीची पिशवी भावाच्या हातात देऊन तसाच माघारी फिरला. मी भिंतीपलीकडं दाराकडं डोळे लावून पडले होते.

संध्याकाळी मी फोन केला.

"तुम्ही आलेच न्हाई?"

"आल्तो ना. जिन्यापर्यंत आल्तो."

"मंग?"

"आईनं शपथ घातली गं."

"माझं खोकं विसरलात का?"

"न्हाई विसरलो. मला ठाऊक हाय सगळं." मग म्हणाला, "पण समज, उद्या मला काही झालंच, गाडीवर रोज जातो-येतो, तर लोक तिला काय म्हणतील? जन्मभर बापाला खाल्लं म्हणतील. तिच्यासाठीच करून राह्यलो मी."

चंद्र आपल्या अंगणातला आणि तारे कुठल्या कुठं, आपल्याला ते एका रेषेत दिसले म्हणून एकाचा दुसऱ्यावर हक्क पोचत नाही, हे सगळं मी सांगू शकत होते. पण लोक काय म्हणतील याच्यापुढं विज्ञानाचं काय चालतं! आणि सासूबाईंचं भय खोटं नव्हतं, हेही कबूल करते. सासरे ऐन तारुण्यात साप चावून गेले. पदरात हा एकच. त्या माउलीनं त्याला कसं वाढवलं हे सारं गाव जाणतं. त्याच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून ती बाई काहीही करील.

मी फोटो पाठवायचे. तो उघडायचाच नाही. गुरुजींना विचारलं होतं म्हणे, फोटो चालतो का, तर ते म्हणाले, तोंड ते तोंड. म्हणून यानं मोबाइलमध्ये फोटो आपोआप उघडायचेच बंद करून टाकले. व्हिडिओ कॉल करायचा, पण मला कॅमेरा पंख्याकडं धरायला लावायचा. बाप तिकडं पंखा बघतोय आणि लेकीचं रडणं ऐकतोय! "अजून जरा रडू दे," म्हणायचा, "आवाज चांगला हाय." हसावं की डोकं आपटून घ्यावं?

ती पिवळी होती. दवाखान्यातून सोडतानाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नव्या बाळांना होते कावीळ, कोवळ्या उन्हात धरत जा, जाईल. माझी आई रोज सकाळी तिला अंगणात बाजेवर उघडी ठेवायची. दोन आठवडे उलटले तरी जाईना. उलट वाढली. आणि बघायला येणाऱ्या बाया काय म्हणायच्या? "काय रंग हाय गं पोरीचा! केतकी हाय केतकी!" आमच्याकडं मुलीचा रंग उजळ निघाला की बायांना दुसरं काही दिसत नाही. आई तिची दृष्ट काढायची. माझ्या लेकराला आतून काहीतरी खात होतं आणि गल्ली तिच्या रंगाचं कौतुक करत होती.

मग मला दिसलं की तिची शी पांढरी आहे, खडूसारखी. आईला दाखवलं. आई म्हणाली, दूध पचत न्हाई, घुटी उगाळते. मी बापूंना, माझ्या वडिलांना म्हणाले, हिला जालन्याला लेकरांच्या डॉक्टरकडं नेऊ. बापू खाली मान घालून बसले. म्हणाले, "बाई, लेक त्यांची. शांतीच्या आधी आपण हलवली आन् काही कमीजास्त झालं तर जावयाला काय तोंड दाखवू?" भाऊ पुण्याला परत गेलेला. पोटाला टाके, जिना उतरताना डोळ्यापुढं अंधारी यायची. आता मला विचारणारे विचारतात, तू एकटीच का नाही निघालीस रिक्षा करून? त्यांनी एकदा पोट फाडून घ्यावं आणि मग बोलावं.

नवऱ्याला रोज सांगायचे. "ती पिवळी हाय हो. बरी न्हाई ती."

"थोडेच दिवस राह्यले. शांती झाली की मी सोता नेतो संभाजीनगरला. मोठ्या डॉक्टरला दाखवू. बिलकुल काळजी करू नको."

त्यानं तिला पाहिलं असतं तर तो एक दिवस थांबला नसता. तो तसाच माणूस आहे. गोठ्यातलं वासरू जरा सुस्तावलं तरी हा डॉक्टरला बोलावतो. पण त्यानं पाहिलंच नव्हतं. पिवळी म्हणजे किती पिवळी, हे फोनवर कसं कळणार?

शांती केदारखेड्याला ठेवली. तिला नेताना तोंडावर पदर टाकून नेलं, वाटेत चुकून बापाच्या दृष्टीला पडू नये म्हणून. ओसरीत होम पेटलेला, धूर एवढा की डोळे चुरचुरत होते. सासूबाईंनी तिला डाळीचं पीठ लावून न्हाऊ घातलं आणि वरून हळद माखली. नवरा पाटावर बसला. त्याच्यापुढं काशाची वाटी, काठोकाठ तिळाचं तेल भरलेली. गुरुजींनी मला त्याच्या पाठीमागं उभं केलं आणि सांगितलं, लेकराला त्यांच्या खांद्यावरून पुढं धरा, तोंड वाटीवर आलं पाहिजे, म्हणजे बाप आधी तेलात बघेल. सरळ बघायचं ते नंतर.

मी धरलं. टाके अजून ओढत होते. तो वाकला. तेल हललं, मग स्थिर झालं. त्याची पाठ थरथरायला लागली, म्हणून कळलं की तो रडतोय.

"सोन्यासारखी हाय गं," तो म्हणाला. "आई, सोन्यासारखी हाय माझी लेक!"

बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, "सोन्यासारखी न्हाई, पिवळी हाय ती. आधी उजेडात न्या तिला."

सासूबाई हसल्या. वाईट नाही हसल्या, आनंदात होत्या. "अगं येडे, तेल पिवळं, वाटी पिवळी, वरून हळद लावलेली. पिवळी दिसंल न्हाई तर काय!" सगळेच हसले. गुरुजीसुद्धा. मग तिला त्याच्या मांडीवर दिलं. ती झोपलेली होती, डोळे मिटलेले, अंगाला हळद. तो तिच्या कपाळाला कपाळ लावून बसला. म्हणाला, "हळदीत काय कळणार? धुतल्यावर बघू."

आणि धुतल्यावर कुणी बघितलं? शांतीनंतर मला केदारखेड्यालाच ठेवून घेतलं, आणि जन्माला सव्वा महिना होईस्तोवर बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही. आमची खोली बंद, खिडकीला गोधडी, वर एक पिवळा दिवा. तो अंधार फिटायच्या आत कामाला निघायचा, दिवे लागल्यावर परत यायचा. त्या दिव्याखाली मीही पिवळी, तोही पिवळा. संभाजीनगरचं उद्या-परवावर चाललं होतं, कारण घरात सगळ्यांनाच वाटत होतं की संकट तर टळलंय. बाप सुखरूप होता. आता घाई कशाची?

सव्वा महिना झाला त्या रविवारी सकाळी त्यानं तिला अंगणात आणलं. मी चुलीपाशी होते. तिनं डोळे उघडले असावेत. त्याची हाक अशी आली की माझ्या हातातलं भांडं पडलं.

"अगं, हिचे डोळे! हिचे डोळे बघ ना!"

"मी इतके दिवस काय बोलून राह्यले?" मी ओरडले. "काय बोलून राह्यले मी?"

त्याच पावली आम्ही भोकरदनला गेलो. डॉक्टरांनी शीचा रंग विचारला आणि मी सांगितल्यावर त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाले, इथं थांबू नका. संभाजीनगरला तपासण्या झाल्या, त्यात आणखी दिवस गेले. यकृतातून पित्त बाहेर जायची वाटच तिच्यात तयार झाली नव्हती. ऑपरेशन करून वाट करता येते, पण ते पहिल्या काही आठवड्यांत झालं तर. तिथल्या डॉक्टरांनी फायलीतून मान वर केली आणि नवऱ्याला विचारलं, "इतके दिवस कुणी पाहिलं नाही का हिच्याकडं?"

त्यानं मांडीवरच्या लेकीचं दुपटं सारखं केलं. तिथं काय सांगायचं, चंद्र कुठल्या ताऱ्यांसमोर होता ते?

आधी आणली असती तर नक्की वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. संधी जास्त होती, म्हणाले. ऑपरेशन मुंबईला झालं. ते लागू पडलं नाही. यकृत दगड होत चाललं होतं. तिला घरी आणलं तेव्हा तिचं पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. अंगाला सतत खाज सुटायची, म्हणून आम्ही तिच्या हातांना सुती पिशव्या बांधायचो. तरी हसायची. बाप दिसला की पिशवीतले हात हलवायची. त्यानं कंपनीत सुट्टी टाकली आणि दिवसभर तिला घेऊन बसायला लागला. आत्तापर्यंतचं राहिलेलं सगळं बघणं त्याला एकदम उरकायचं होतं.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस लांबलेला असताना, एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिला घेऊन गच्चीवर बसलो होतो. खाली उकडत होतं. तो म्हणाला, "मूळ कोणतं, दाखव ना."

मी त्याला आग्नेयेला, खालच्या बाजूला, नांगीतले तारे दाखवले. तो बराच वेळ बघत होता.

"तिथून आपण कसे दिसत असू?"

"आपण कुठले? आपला सूर्यही तिथून नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. आणि तिथं गेलं तर ही नांगीसुद्धा राहणार नाही. सगळे तारे इकडंतिकडं."

तो तिच्या पाठीवर हात फिरवत होता. "मंग त्यांना कसं कळलं," तो म्हणाला, "हितं माझी लेक जन्मली म्हणून?"

मी त्याचा हात धरला. लग्नानंतर इतका जवळचा तो मला कधी वाटला नव्हता. मला वाटलं, निदान हे तरी उरलं. ती गेली तरी आम्ही दोघं एका जागी उभं राहून एकच गोष्ट बघू. तेवढ्यावर मी जगू शकले असते.

आखाड लागला आणि ती गेली. दुपारची वेळ होती, बापाच्या मांडीवर होती. लहान लेकराला जाळत नाहीत, शेताच्या बांधाशी तिला ठेवलं. मी घरीच होते, बायांच्या घोळक्यात भिंतीला टेकून. तो परतला, अंगावर चिखल, आणि दारातच खाली बसला. सकाळपासून रडून रडून त्याचा आवाज गेला होता.

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याही रडत होत्या, नातीसाठी त्यांनी कमी उपास केले नव्हते. मग म्हणाल्या, "बापावरचं लेकरानं आपल्या अंगावर घेतलं रे. केवढीशी होती, पण बापाला राखून गेली. गुणाची माझी बाय."

बाया माना डोलवायला लागल्या. खरंय, खरंय. मूळ ते मूळ, कुणाला तरी घेतंच. बापाला न्यायचं ते लेकीवर भागलं.

मी नवऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा उठेल. आता हा बोलेल. तो आईकडं बघत होता. आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. कित्येक महिन्यांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. इतके दिवस तो लेकीकडं न पाहिलेला बाप होता. आता तो लेकीनं वाचवलेला बाप झाला होता. त्यानंही मान डोलवली.

"तिनं काही अंगावर घेतलं न्हाई," मी म्हणाले. "तिला कुणी दवाखान्यात नेलं न्हाई."

कुणीच माझ्याकडं बघेना. मी पुन्हा म्हणाले, या वेळी त्याच्याकडं बघून, त्याच्या एकट्याशी.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झाला पोरीच्या. पाणी द्या तिला कुणीतरी."

तोच उठला. आत जाऊन तांब्या भरून आणला, माझ्यापुढं उकिडवा बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "घे. पी जरा. बरं वाटंल." मी ते पाणी प्याले.